गाठीच्या तळापर्यंत जाणारे मल्लप्पा

मल्लप्पा गेले त्याला महिना होत आला. त्यांच्या लेकीचा, महादेवीचा, फोन आला तेव्हा मी पोळ्या करत होते. "बाई, अप्पा गेले. सकाळी चहा पिले आन् गेले..." नव्वदी ओलांडलेला माणूस चहा पिऊन शांतपणे गेला, यात रडण्यासारखं काय होतं? तरी तव्यावरची पोळी करपलीच.

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या एका रुग्णालयात मी नवी पॅथॉलॉजिस्ट होते आणि मल्लप्पा प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ. रोग्याच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप करायचे आणि रंगवून काचेवर माझ्यापुढे ठेवायचे, हे त्यांचं काम. तीन काप बघून अहवाल लिहायची आमची रीत. ती त्यांना पसंत नव्हती. "मेण शिल्लक हाय तवर गाठ बोलती, बाई," म्हणायचे. मी हसण्यावारी न्यायची. हातात कोरी करकरीत पदवी, आणि उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग अशी माझी तऱ्हा!

अशात वळसंगच्या नीलव्वाची गाठ आली. जांघेतली. बाई तिशीची, पदरात दोन पोरं. सूक्ष्मदर्शकात पेशींचे मोठमोठे गोल एकमेकांना खेटून बसलेले दिसले. मी बेधडक 'कर्करोग' लिहिलं, सही ठोकली आणि कागद टायपिंगला पोचवायला मल्लप्पांकडे दिला. संध्याकाळी ते मान खाली घालून आले. "चहा सांडला की बाई तुमच्या कागदावर. उद्या परत लिवा." मी सगळ्यांदेखत त्यांना वेंधळे म्हटलं, आणखीही बरंच बोलले.

दुसऱ्या दिवशी माझ्या सूक्ष्मदर्शकाखाली नवी काच लावलेली होती. मल्लप्पांनी मेणाचा ठोकळा तळापर्यंत कापत नेला होता... आणि तिथे हत्तीरोगाचा जंत आडवा पडलेला, भोवती जंतावर धावून जाणाऱ्या शेंदरी दाण्यांच्या पेशींचा गराडा! "चावडीवर गर्दी दिसली म्हणून गर्दीला धरू नये बाई," मल्लप्पा हळूच म्हणाले. "कशापायी जमलीत ते इचारावं." खरंच होतं. जांघेत सुजलेली ती लसिकाग्रंथी म्हणजे शरीराची चावडीच. काही पेशी जंताची खबर तिथे आणतात, काही ती ओळखतात आणि इतरांना कामाला लावतात, मग त्या वाढत जाऊन प्रतिद्रव्यं तयार करतात. गाठ सुजते ती या लगबगीने. चोर सोडून मी राखणदारांनाच धरलं होतं. तो कागद गेला असता तर त्या दोन पोरांच्या घरात काय झालं असतं...

नीलव्वा गोळ्यांनी बरी झाली. पुढे कित्येक वर्षं ती हुरडा घेऊन यायची, आम्ही प्रयोगशाळेबाहेरच्या कट्ट्यावर बसून खायचो. मल्लप्पांनी त्या अहवालाचा विषय कधी काढला नाही. मी मात्र निवृत्त होईपर्यंत सहीआधी विचारत राहिले, "मेण शिल्लक आहे का?"

परवा महादेवी अप्पांचा पानाचा डबा देऊन गेली. "तुमालाच द्या म्हनले हुते." आत नखाएवढा मेणाचा तुकडा आणि घडी घातलेला माझा अहवाल. माझं अक्षर, माझी सही, तो शब्द. खिडकीशी नेऊन मी कागद उलटसुलट पाहिला. पिवळा पडला होता, पण चहाचा डाग कुठेच नव्हता.

मल्लप्पा, मी तुम्हाला सगळ्यांदेखत बोलले होते, ते आज सगळ्यांदेखत मागे घेते.