नरहरीने कापलेला उत्तरपक्ष

नरहरी काल पहाटे गेला. गेली दोन वर्षे मी त्याच्याशी बोललो नव्हतो, आणि आजही त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही.

हे आत्ताच लिहू नये, असे घरच्यांचे म्हणणे आहे. मृताविषयी चांगलेच बोलावे, हा शिष्टाचार मलाही मान्य आहे. परंतु कालपासून श्रद्धांजली म्हणून जी क्लिप फिरते आहे, तिच्यात बोलणारा माणूस मी आहे. खाली ओळ आहे : 'मंगळावरच्या वास्तूंचे दोन संशोधक मित्र'.

मंगळावर कोणी वास्तू बांधल्या, असे माझे मत कधीच नव्हते.

नरहरीचेही नव्हते. माझी तक्रार नेमकी हीच आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही मुखेडच्या शाळेत एका बाकावर बसलो. पुढे मी नांदेडला महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवले, त्याने लातूरला फोटो स्टुडिओ चालवला.

खेड्यांतून लोक त्याच्याकडे गेलेल्या माणसाचा फोटो करून घ्यायला येत. सोबत कुठल्याशा ओळखपत्रावरचा नखाएवढा, पुसट चेहरा असे. नरहरी तो भिंतीवर टांगण्याइतका मोठा करी. भुवया रेखी, अंगात कोट घाली. एकदा मी विचारले, डोळ्यांतली ही चमक मूळ फोटोत कुठे आहे?

"न्हाईच की. म्या घातली. आता त्याच्या पोराला इचार, बापाचे डोळे असेच व्हते म्हणल."

स्टुडिओ बंद झाल्यावर त्याने चॅनल काढले. अंतराळ संस्थांनी खुले केलेले मंगळाचे फोटो घ्यायचे, मोठे करायचे, कॉन्ट्रास्ट चढवायचा. मग त्यांत भिंती दिसत, दरवाजे दिसत, पायऱ्या दिसत. सुरुवातीला ती गंमत होती. हे कसे होते, ते त्यानेच मला शेजारी बसवून दाखवले. लहान फोटो ताणला की संगणक आपल्या मनाने चौकोन पाडतो. सावली गडद केली की साध्या दगडाला उंबरठा फुटतो.

म्हणून लातूरच्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळाने व्याख्यानाला बोलावले, तेव्हा मी उदाहरण म्हणून हाच विषय घेतला.

आपल्या वादपरंपरेचा एक दंडक आहे. खंडन करण्यापूर्वी प्रतिपक्षाचे म्हणणे स्वतः मांडावे, आणि ते इतके चोख मांडावे की प्रतिपक्षानेही मान डोलवावी. हा पूर्वपक्ष. त्यानंतर त्याचे उत्तर, तो उत्तरपक्ष.

मी पूर्वपक्ष मनापासून मांडला. 'इतकी सरळ रेषा निसर्ग आखत नाही', हे वाक्य माझ्याच तोंडचे आहे. त्यानंतर तितक्याच वेळात ते सगळे खोडून काढले. खोडण्याची साधने सर्व नरहरीकडून शिकलेली होती, आणि तसे मी व्यासपीठावरून सांगितलेही.

रेणापूरचे एक आजोबा शेवटी उठून म्हणाले, "म्हंजे तिथं कुणीच न्हाई म्हणा की." त्यांचा स्वर इतका हिरमुसलेला होता की सभागृह हसले. रेकॉर्डिंग करता करता नरहरीही हसला.

तो मला बसस्टँडवर सोडायला आला. चहा घेताना म्हणाला, "मास्तर, आज कुठं भोकच ठिवलं न्हाईस."

आठवड्याभरात क्लिप आली. ती 'आता उत्तरपक्ष पाहू' या वाक्याच्या अलीकडे संपत होती.

एका जुन्या विद्यार्थ्याने फोन करून, फार अदबीने, माझी तब्येत विचारली. तेव्हा मला हे कळले.

मी नरहरीला फोन लावला. क्लिप काढ, नाहीतर पुढचा भाग जोड, एवढेच मागणे होते.

"पुढचं कुणी बघत न्हाई, मास्तर. हे मातर लई लोक बघायलेत. नाव झालं की तुझं."

"तुला स्वतःला हे खरे वाटते का?"



"तुला म्हाईत हाय की. कशाला इचारतोस?"

त्यानंतर आम्ही बोललो नाही.

भ्रमात असलेल्या माणसाशी वाद घालता येतो. किंबहुना वाद त्याच्यासाठीच असतो. ज्याला उत्तर ठाऊक आहे, पटलेले आहे, आणि जो तेवढेच कापून बाजूला ठेवतो, त्याच्यापुढे तर्कशास्त्र हात टेकते.

माझे हसे झाले, याचे दुःख मी केव्हाच पचवले आहे. दुसरे एक पचले नाही. पूर्वपक्ष मांडणारा माणूस आपला आवाज क्षणभर विरुद्ध बाजूला उसना देतो. ऐकणारा शेवटपर्यंत थांबेल, हाच त्याचा भरवसा असतो. समोर कॅमेरा धरून माझा सर्वांत जुना मित्र उभा होता, म्हणून मी तो आवाज निःशंकपणे दिला.

काल अंत्यविधीनंतर त्याची मुलगी शुभदा मला अंगणात बाजूला घेऊन म्हणाली, "काका, चॅनलचा पासवर्ड आहे माझ्याकडे. ती क्लिप काढते आज."

मी विचारले, पूर्ण रेकॉर्डिंग आहे का?

तिने आधीच शोधले होते. "बाबांनी पुढचं ठेवलंच नाही, काका."

मी तिला क्लिप काढू नकोस म्हणालो. काढली तर मीही कापाकापीच केली, असे होईल. तिच्याखाली हा मजकूर लावायला सांगितले आहे, म्हणून उत्तरपक्ष इथे नोंदवतो.

ते दगड आहेत. तिरपा उजेड आहे. चौकोन फोटो ताणल्यामुळे आलेले आहेत, आणि दरवाजा आपल्या डोळ्यांना हवा आहे म्हणून दिसतो. मूळ फोटो पाहा, त्यात तो नाही. हे सर्व मला लातूरच्या नरहरीने शिकवले. त्याच्याइतके स्वच्छ कोणी शिकवले नसते.

नरहरी, यावर तुझे काही म्हणणे असते, तर मी ते शेवटपर्यंत ऐकले असते.

तुला अखेरचा नमस्कार.