मोरिता-सानांची इच्छा

"ताई, तुम्ही नको. हा फोटो फक्त पर्मनंट स्टाफची आहे."

एचआरची मीरा तिच्या मोडक्या मराठीत असं म्हणाली आणि मी रांगेतून बाजूला झाले.

टोकियोहून आलेले मोठे साहेब मध्ये उभे होते. सकाळपासून त्यांचं जपानी मी इंग्रजीत करत होते. घसा कोरडा पडला होता. "ही कंपनी म्हणजे एक कुटुंब," हे त्यांचं वाक्य थोड्या वेळापूर्वी माझ्याच तोंडून सगळ्यांनी ऐकलं. टाळ्या वाजवल्या. आता कुटुंबाचा फोटो निघत होता आणि मी बायकांच्या पर्सा सांभाळत भिंतीपाशी उभी. कुणीतरी फोनही माझ्याच हातात दिला. काढ म्हणे.

काढला. हलला नाही.

ऑफिस हाउन्सलोचं. हीथ्रोवर येणारा-जाणारा माल बघणारी जपानी कंपनी. मी एजन्सीची. अशा भाड्याच्या माणसाला जपानीत हाकेन म्हणतात. टोकियोतही मी तीच होते, आणि तिथे मला नाव नव्हतं. "हाकेन-सान, जरा इकडे या." सान म्हणजे आपलं 'जी'. पुढे नवऱ्याला लंडनला नोकरी लागली. वाटलं, देश बदलला. इथल्या जपानी मॅनेजरनं पहिल्याच दिवशी हाक मारली, "हाकेन-सान!"

बाजूला उभं राहणं मला नवं नव्हतं. येरवड्याच्या आमच्या वस्तीत ते कुणाला शिकवावं लागत नाही. आईला वाटायचं, परकी भाषा शिकली की पोरगी सुटेल. त्या भाषेत आपली जात कुणाला कळणार? खरंच नाही कळली. पण त्यांची त्यांची उतरंड होतीच. वर जन्मभराचे नोकर, खाली आम्ही.

मग टोकियोहून फर्मान आलं. जन्मभराची नोकरी वगैरे आता विसरा. किती वर्षं राहिलात ते बघणार नाही, काम बघणार. मला, खरं सांगते, आधी बरं वाटलं. म्हटलं, चला, वरचे-खालचे एक होतील. कुठलं काय. वरचे खाली आले. आम्ही होतो तिथंच.

पहिला नंबर मोरिता-सानांचा. कॉलेजातून थेट कंपनीत शिरलेला माणूस. कंपनीनं लंडनला पाठवलं, इथंच म्हातारा झाला, तरी इंग्रजी मालाच्या कागदांपुरतंच आलं. मला माझ्या नावानं हाक मारणारा ऑफिसातला एकटा जपानी. नावातला 'ळ' त्यांना जमायचा नाही. तरी दर वेळी प्रयत्न करायचे.

त्यांना बोलावलं त्या दिवशी जपानी मॅनेजर नेमका रजेवर. खोलीत ते, मी आणि मीरा. मीरा नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांची मुलगी, इथंच जन्मलेली, एचआरची हेड. वाईट नव्हती. दिवाळीला मला फराळ आणून द्यायची.

तिनं इंग्रजीत सांगितलं की त्यांची पोस्ट आता राहिली नाही. मी जपानीत सांगितलं. मोरिता-सान "हाइ, हाइ" म्हणत राहिले. ते हो नसतं. ऐकतोय, एवढंच. मीराला ते होकार वाटले. तिनं कागद पुढे सरकवला. स्वेच्छानिवृत्ती. जपानीत किबो-ताइशोकु. किबो म्हणजे इच्छा. आशासुद्धा.

मोरिता-सान म्हणाले, "मला काम करायचंय. गोदामात टाका. चालेल मला."

मी शब्दन्‌शब्द मीराला सांगितलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि एकदम मराठीत आली.

"ताई, त्यांना सांगा ना, हा त्यांचा इच्छा आहे. सॉफ्टली. तुमचं ऐकतील ते."

मराठीत. समोरच्याला कळू नये म्हणून माझ्या आईची भाषा.

मी म्हणाले, "नाही सांगणार."

"सॉरी?"

"त्यांची इच्छा नाहीये. आत्ताच बोलले ते. जे ते बोलले नाहीत, ते मी त्यांच्या तोंडी घालणार नाही."

"हे पर्सनली घेऊ नका, ताई. इट्स जस्ट द प्रोसेस. तुमच्या कॉन्ट्रॅक्टचा रिन्यूअल पण माझ्याकडेच आहे."

मग मी तिचं मराठी मोरिता-सानांना जपानीत सांगितलं. सगळं. रिन्यूअलसकट. वर सांगितलं, सही करू नका, आधी वकिलाला विचारा. मीरा विचारत होती, "व्हॉट आर यू टेलिंग हिम?" मी थांबले नाही.

मला वाटलं, आता ते उठतील. टेबलावर हात आपटतील. त्यांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं. पेन काढलं. सही केली, सावकाश, रेखीव. मग माझ्यापुढे वाकले. "माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला."

माझी माफी मागितली त्यांनी. माझी!

दुसऱ्या दिवशी एजन्सीचा फोन. येऊ नका.

नवरा म्हणाला, "तू गप्प बसली असतीस तरी त्यांनी सही केलीच असती."

खरंय. मी त्यांना वाचवलं नाही, स्वतःलाही नाही. किती रात्री तेच. आणखी काय बोलायला हवं होतं? कुठल्या भाषेत?

आता दुसऱ्या एजन्सीकडून दुसऱ्या ऑफिसात जाते. भाड्यानंच. युनियनमध्ये नाव घातलंय. एजन्सीच्या माणसालाही घालता येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. इथंही एक दिवस असा कागद कुणापुढे तरी सरकेल आणि मला हाक येईल. मी तेच करीन. काढतील पुन्हा. काढू देत. पण खोटं त्यांना स्वतःच्या तोंडानं बोलावं लागेल. माझं तोंड त्यासाठी भाड्यानं मिळणार नाही.