सोळा दशम्या

मालूबाईंनी मंगळावरच्या दशम्या मोजल्या, तेव्हा यादव मास्तर पोट धरून हसले होते.

नागपूरच्या एका मासिकात ती गोष्ट क्रमशः येत होती. आठ जण यानात बसून मंगळावर गेलेले. छप्पन सालच्या ऑक्टोबरच्या अंकात त्यांतला इंजिनिअर धुळीच्या वादळात हरवला आणि बाकीच्यांनी त्याला मेला असं धरलं. शनवारा मोहल्ल्यात मालूबाईंच्या घरी हे मरण फार मनावर घेतलं गेलं. त्यांचे यजमान लीलाधर मराठी शाळेत मास्तर. क्षयानं सहा महिने अंथरुणाला खिळलेले. दुपारी मालूबाई त्यांना गोष्ट वाचून दाखवत. इंजिनिअर गेला त्याच आठवड्यात लीलाधरांनी कंपाउंडरला दारातून परत पाठवलं. पुरे झाली इंजेक्शनं, म्हणाले, जाणारा जातोच.

मालूबाईंनी अंक पुन्हा काढला. वादळानंतर आचारी सगळ्यांना जेवायला बसवतो आणि डब्यातून सोळा दशम्या काढतो. आठ जण होते तेव्हाही सोळाच निघायच्या, माणशी दोन. मग सातांना सोळा कशा? आचारी दोन दशम्या कुणाला तरी गुपचूप पोचवतोय, आणि मेलेलं माणूस काही जेवत नाही.

यादव मास्तर शाळेत विज्ञान शिकवत, रोज लीलाधरांची विचारपूस करायला येत. "वहिनी, तिथं हवाच नाही," ते म्हणाले, "दशम्या कशाबरोबर खाईल?"

लीलाधर हसले नाहीत. मास्तर गेल्यावर म्हणाले, "लेखक बाप्या आहे. त्याला काय कळतं डब्यात किती उरल्या ते."

"इंजिनिअर जिवंत निघाला तर राहिलेली इंजेक्शनं घ्याल?"

"निघू दे आधी."

शेवटचा भाग नोव्हेंबरात होता. महिना अर्धा उलटला तरी अंक येईना. आणखी खंड पडला तर औषध लागू व्हायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पोस्टमन भिकन म्हणाला, "नागपूर अब मुंबई राज्यात गेलं ना बाई, अन् आपलं गाव राहिलं इकडच्या राज्यात. टाइम तो लगेगा." राज्यं कुणी कशीही वाटून घ्यावीत, अंक तेवढा वेळेवर धाडावा, असं मालूबाईंना वाटलं.

अंक आला तेव्हा चुलीवर डाळ होती. मालूबाईंनी तिथंच उभ्यानं शेवटचं पान उघडलं. इंजिनिअर जिवंत होता. कसल्याशा गुहेत हवा सापडली, आणि तो आपल्या पायांनी चालत आला. मालूबाईंनी डाळ खाली उतरवली. पाटावर बसून त्यांनी बाकीची पानं पाहिली. गुपचूप पोचवलेल्या दशम्यांचा कुठं उल्लेख नव्हता. उलट परतीच्या पंगतीला आचाऱ्यानं आठ जणांना बाराच वाढल्या होत्या. लेखकाला खरंच मोजता येत नव्हतं.

दुपारी त्यांनी वाचायला घेतलं. पंगतीपाशी आल्यावर आवाज न बदलता एक वाक्य जोडलं: मीच त्याला गुहेत दशम्या पोचवत होतो, असं आचाऱ्यानं कबूल केलं.

लीलाधरांनी हात पुढे केला. "अंक दे इकडे."

त्यांनी ते पान सावकाश वाचलं. मालूबाई पदराशी चाळा करत उभ्या राहिल्या.

"आचाऱ्याचं तू घातलंस."

"हो."

"पण जिवंत निघाला, ते त्यानंच लिहिलंय ना?"

"त्यानंच."

लीलाधरांनी अंक उशाशी ठेवला, सदऱ्याची बाही वर सारली. "मग कंपाउंडरला निरोप धाड. आणि यादवाला बारांचं सांगू नकोस, फार हसेल."