मढीची तुळई

लेकीकडे इंग्लंडला गेले होते, तेव्हा तिच्या गावातल्या चर्चच्या आवारात एक बुटकं जुनं घर पाहिलं. आजूबाजूला थडगी, मधे काळ्या लाकडांची चौकट, लाकडांमधल्या जागा माती-चुन्याने लिंपलेल्या. पूर्वी सणाच्या जेवणावळींसाठी तिथे रांधत म्हणे. आता कुणी रांधत नाही, तरी गावाने ते कललेलं घर कललेलंच जपलंय. बरं वाटायचं सोडून मला संताप आला. तसंच एक आमच्याकडेही होतं, आणि माझा धाकटा भाऊच ते पाडायला निघाला होता.

नरडाण्याजवळच्या माझ्या माहेरी मारुतीच्या आवारात सागाच्या खांबांची छोटीशी मढी. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी तिच्या तुळईला झोका बांधायच्या. आईवडील गेल्यावर भावाकडून मला माहेरी न्यायला मूळ येणं बंद झालं. न बोलावता त्याच्या दारात कोणत्या तोंडाने जाऊ? मढीला मात्र आमंत्रण लागत नसे. सकाळच्या एसटीने धुळ्याहून जायचं, झोका खेळायचा, गाणी म्हणायची, एखादी मैत्रीण जेवायला ओढून न्यायची. तेवढंच माझं माहेर उरलं होतं. आणि देवळाच्या कमिटीत शिरलेल्या आमच्या भाऊरायांना तिथे स्लॅबचा हॉल हवा होता.

मी इंग्लंडहूनच त्या घराचा फोटो त्याला पाठवला. खाली लिहिलं, 'बघ, परक्या मुलखात जुनं लाकूड कसं जपतात.' उत्तर आलं, 'चांगलं शे, अक्का.' पालथ्या घड्यावर थोडं तरी पाणी ठरलं, असं मला वाटलं. वेडीच मी.

परत आले त्याच आठवड्यात भाऊ टेम्पो घेऊन धुळ्यात माझ्या दारात हजर. लेकीच्या लग्नानंतर पहिल्यांदाच आला होता. टेम्पोत कोरी बंगई, घरात टांगायचा झोपाळा, साखळ्यांसकट. पॉलिश इतकं, की त्यात तोंड दिसावं.

"तुले जुनं लाकूड आवडस ना, अक्का? फोटो धाडा व्हता तू. मढीनं बाकीनं बठ्ठं लाकूड इकी टाकं, तुळईनी हाई बंगई तुनाकरता बनाडी."

तो मनापासून खूश होता, आणि तेच मला सोसवेना. भांडावं तरी कशावरून? मी चहा टाकला.

जाताना चपला घालता घालता तो म्हणाला, "आते आखाजीले इतला लांब येवानं काम नही, अक्का. घरमाच झोका खेय."