दिलीपचा फाइव्ह पॉइंट वन

धाटावच्या कंपनीत तिघांनी एकाच शिफ्टला वीस वर्षं काढली, की किस्से आठवावे लागत नाहीत. एक ओढला की मागून चार येतात! आमच्यातला दिलीप गेल्या वर्षी गेला. आता मी आणि गजा भेटलो की त्याचेच निघतात.

*

दिलीपने पेणहून फाइव्ह पॉइंट वन सराउंड साउंडचा सेट घेतला. आम्ही तिघं एसटीने अष्टमी गावाला, त्याच्या घरी निघालो. पाच छोटे स्पीकर आमच्या मांड्यांवर आणि बासचा मोठा डबा शेजारच्या सीटवर.

कंडक्टर म्हणाला, "ह्या पाहुण्याचं तिकीट?"

दिलीप गंभीरपणे म्हणाला, "हाफ द्या. अजून बोलता येत नाय त्याला!"

*

पहिल्याच दिवशी पिक्चर लावला. त्यात कोणीतरी दार ठोठावलं आणि आवाज आला बरोब्बर आमच्या पाठीमागून. गजा उठला आणि त्याने खरंच दार उघडलं.

बाहेर शेजारचे काका! आवाजाची तक्रार करायला आलेले, हात कडीकडे नेलेला.

"मी अजून कडी वाजवली नाय," ते चकित होऊन म्हणाले. "तुम्हाला कळलं कसं?"

तक्रार राहिली. काका शेवटपर्यंत पिक्चर बघत बसले!

*

परवा सुनंदावहिनींचा, म्हणजे दिलीपच्या बायकोचा, फोन आला. "भावजी, डीव्हीडी बंद पडलाय. लेकीने तिचा जुना लॅपटॉप ठेवलाय. त्याला ह्यांचे स्पीकर लागतील काय ओ?"

गेलो दोघं. स्पीकरच्या तीन पिना, हिरवी, काळी, नारिंगी. लॅपटॉपला जागा एकच! गजाने हिरवी खुपसली. पुढचे दोन वाजले, मागचे गप्प.

वहिनी म्हणाल्या, "मागचे रुसले काय?"

*

पेणचा दुकानदार म्हणाला, "भंगारात द्या, काका. ब्लूटूथवाला घ्या."

गजा तापला. "जोडायचं कसं ते सांग! टाकायचं आमचं आम्ही बघू."

"एवढं कुणाचं हाय ते?"

मी म्हटलं, "मित्राचं."

दुकानदाराने एक छोटं यूएसबी साउंड कार्ड काढलं. "रंगाला रंग लावा. सेटिंगमध्ये फाइव्ह पॉइंट वन निवडा. वाजतील सगळे."

*

रविवारी सकाळी ते जोडलं. पाचही वाजले, डबाही घुमला. दिलीपच्या आवडीचा पिक्चर लावला, पण आवाज बेताचाच ठेवला. त्या घरात मोठा आवाज करायला जीव होईना.

स्वयंपाकघरातून वहिनी म्हणाल्या, "भावजी, नीट नाय लागला."

"लागला की, वहिनी! सगळे वाजतायत."

"नाय. मांडणीवरची भांडी ह्यांच्या वेळेसारखी नाय वाजत."

गजाने माझ्याकडे पाहिलं आणि बटण फिरवलं. अजून थोडं. अजून. आत झाकण्या थरथरल्या, मग ताटं खणखणायला लागली.

आणि आतून वहिनी ओरडल्या, "अहो, ऐकताय काय? आवाज कमी करा तो!"

गजाचा हात बटणाकडे गेला. मी तो धरला.