रिकामा झोका हलवू नये

संध्याकाळचे साडेपाच झाले की माझा हात अजूनही आपोआप गॅस बारीक करतो आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभी राहते. खाली चार मोटारी उभ्या असतात. बघण्यासारखं काही नाही. तरी बघते, ओट्याशी येते, पुन्हा खिडकीशी जाते. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी लागलीय. लग्न झालं, मूल झालं, हे गेले, तरी भिंगरी काही सुटली नाही.

आम्ही बिबवेवाडीत राहायला आलो तेव्हा इमारतीच्या मागे मोकळं अंगण होतं. बिल्डरने तिथे एक झोका, एक घसरगुंडी आणि एक सी-सॉ बसवून दिला होता, सगळं लोखंडी, निळ्या-पिवळ्या रंगाचं. घरटी दोन-दोन मुलं. झोक्यासाठी रांग लागायची आणि रांगेत मारामाऱ्या व्हायच्या. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. बोलायचा नाही, हाक मारली तर वळून बघायचा नाही, दिवसभर घरात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालायचा. झोक्यावर बसला की मात्र त्याच्या अंगातली तडफड थांबायची. तो स्वमग्न आहे हे डॉक्टरांनी सांगितलं ते फार पुढे. त्याला झोका लागतो, एवढं मला त्याआधीच कळलं होतं.

बाकीची मुलं मोठी झाली, कॉलेजात गेली, हिंजवडीला नोकरीला लागली. माझाही मोठा झाला. मिशा आल्या, अंग सुटलं, आता तर कानाशी पांढरे केसही दिसतात. पण साडेपाच वाजले की तो खाली जाऊन झोक्यावर बसायचा आणि अंधार पडेपर्यंत झुलायचा. मी खिडकीतून ओरडायची, "घट्ट धर!" रोज. त्याने त्यावर कधी मान वर करून बघितलं नाही. पण तो घट्ट धरायचा.

दुसऱ्यांचं सांगितलेलं त्याच्या कानात शिरत नाही, असं सगळे म्हणत. तसंही नव्हतं. तो लहान असताना तळमजल्यावरच्या काकूंनी त्याला एकदा रिकाम्या झोक्याला ढकलताना पाहिलं आणि तिथूनच दम भरला, "रिकामा झोका हलवू नये रे!" का हलवू नये, हे काकूंनाही सांगता आलं नसतं. पण यानं ते पक्कं धरलं. दुसरं कोणी पोर रिकामा झोका ढकलून पळालं, की हा कुठूनही धावत यायचा आणि दोन्ही हातांनी साखळ्या धरून तो थांबवायचा. शिकवायला बसलं की माझ्या नाकी नऊ येत, आणि काकूंचं एक वाक्य आयुष्यभर पुरलं. मला काकूंचा थोडा रागच यायचा.

मुलं संपली तशी त्या खेळण्यांची रया गेली. घसरगुंडीवर उन्हाळ्यात गाद्या वाळायच्या, सी-सॉवर सतरंज्या झटकल्या जायच्या. झोका तेवढा झोका राहिला होता.

मग एक दिवस झोक्याच्या खांबाला पाटी लागली: "झोका बारा वर्षांखालील मुलांसाठी आहे. इतरांनी आपल्या वयाचे भान ठेवावे." अक्षर सेक्रेटरींचं. मी तशीच पिठाच्या हातांनी त्यांच्या दारात गेले.

"इमारतीत बारा वर्षांखालचं मूल कुठलं आहे, दाखवा मला."

"वहिनी, मुद्दा तो नाही. तो खांब खालून गंजलाय. तुमच्या मुलाचं वजन बघा. उद्या सांगाडा उपटून अंगावर आला तर?"

"मग तसं लिहा ना पाटीवर! वयाचं भान कशाला काढता?"

त्यांनी पाटी काढली. पण तो खांब माझ्या डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी मी खाली जाऊन वाकून बघितलं. बोटानं टोकरलं तर लोखंडाचे पापुद्रे हातात आले. सेक्रेटरी खरं बोलत होते, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

पुढच्या मीटिंगला विषय आलाच: खेळणी काढावीत, गाड्यांना जागा करावी. कोणीतरी म्हणालं, "आता खेळणार तरी कोण?" आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे न बघण्याची फार काळजी घेतली. मी भांडणार होते. जिना उतरताना मनाशी वाक्यं जुळवली होती. पण मला भांडायचं होतं ते झोक्यावरून नव्हतंच. माझ्यामागे याला कोण बघणार, हा माझा रात्रंदिवसाचा प्रश्न. तो प्रश्न सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडता येत नाही. गंजलेल्या खांबाची बाजू तरी मी कोणत्या तोंडानं घेणार? मीही हात वर केला. फक्त म्हणाले, झोक्याची फळी आणि साखळ्या मला द्या.

बाकीचं आमच्या दूधवाल्यानं नेलं. त्याच्या गावची आता शहरात गणना होते, पण अंगणवाडीच्या आवारात अजून मातीच आहे. "घसरगुंडी चांगली हाय की," तो पत्र्यावर थाप मारून म्हणाला. "खांबाला खालून नवं पाईप जोडून घेऊ. पोरं नाचत्याल." टेम्पो गेला, खड्डे सिमेंटनं बुजवले, पांढरे पट्टे मारले. सगळं एका दिवसात झालं. एरवी आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीचं झाकण बदलायला वर्ष लागतं.

साडेपाचला माझा मुलगा खाली गेला. मोटारींच्या मधून फिरला, जिथे झोका होता तिथे उभा राहिला, वर आला. पुन्हा खाली. पुन्हा वर. चार-पाच दिवस हेच. मग त्यानं खाली जाणं सोडलं आणि हॉलमध्ये येरझाऱ्या सुरू केल्या, लहानपणी घालायचा तशाच. त्याच्यामागे मी. आधीच आमचा हॉल एवढासा, त्यात दोन माणसं एकमेकांना चुकवत चालतायत. जेवायला बसायचा नाही. हाताला चावायचा. मला रडू यायचं आणि रडायलाही एका जागी बसवायचं नाही.

आमच्या हॉलच्या छताला दोन कड्या आहेत. इमारत बांधताना यांनी बिल्डरच्या मागे लागून त्या घालून घेतल्या होत्या, बंगई टांगायची म्हणून. बंगई कधी आलीच नाही. त्या कड्यांकडे बघून पाहुणे विचारायचे आणि मी विषय बदलायची. शेवटी मी ओळखीच्या फिटरला बोलावलं. त्यानं कड्यांना लोंबकळून बघितलं, साखळ्या कापून बेताच्या केल्या, फळी टांगली. मी सोफा बेडरूममध्ये ढकलला. नसली बैठक तरी चालेल, बसतंय कोण?

साडेपाचला मुलाला आणून समोर उभं केलं. त्यानं साखळीचा वास घेतला, फळीवरून हात फिरवला. ओळखली त्यानं. मग वर छताकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, आणि मागे सरला. इथे आभाळ नव्हतं. मी बस म्हटलं, बसवून पाहिलं, ओरडले. तो हलेना. मग माझाही धीर सुटला आणि मी वैतागून फळीला जोरात धक्का दिला.

तो धावला. दोन्ही साखळ्या धरून त्यानं झोका थांबवला आणि माझ्याकडे बघितलं. तो सहसा कुणाच्या डोळ्यांत बघत नाही. मला वाटलं आता चावेल. त्यानं माझं मनगट धरलं, ओढत आणलं आणि मला फळीवर बसवलं. खांद्यांवर हात ठेवून नीट बसवलं, मी त्याला लहानपणी बसवायची तसं. मग मागे गेला.

आणि ढकललं. हळू, मग जरा जोरात. माझे पाय फरशीवरून उचलले गेले. कित्येक वर्षांत मी असं कुणाच्या भरवशावर अंग टाकलं नव्हतं. गॅसवर आमटी उकळत होती, तिचा वास येत होता, उठायला हवं होतं. मी उठले नाही. मागे त्याचा श्वास संथ होत चाललेला मला ऐकू येत होता.

पुढच्या झोक्याला मी जरा घाबरून, उतरावं म्हणून, हात सोडायला गेले. तेव्हा मागून, बसक्या आवाजात, तो म्हणाला, "घट्ट धर."