बिऱ्हाडभाऊ

लोक ऑफिसात आले की साहेब आहेत का विचारतात, पाणी मागतात. बिऱ्हाडभाऊ कचरा विचारायचे. अकोल्याहून सकाळच्या पॅसेंजरने आले, माझ्या टेबलाशी उभे राहिले आणि नमस्कार-चमत्कार काही न करता म्हणाले, "ताई, कचऱ्यात काई ठिवलं काय?" मी टेबलाखालची बादली पुढे सरकवली. "हे नाई वं. कॉम्प्युटरमधला कचरा." पहिल्या भेटीत असं विचारतं का कुणी? मला रागच आला. "काही नाही," मी म्हणाले. धादांत खोटं बोलले.

झालं होतं असं, की आमची अमरावतीची शिक्षणसंस्था अकोल्याच्या एका मोठ्या संस्थेत विलीन झाली आणि आम्हा कारकुनांच्या कॉम्प्युटरांचं डोमेन बदलायचं ठरलं. डोमेन म्हणजे काय, हे आमच्यात कुणाच्या बापाला ठाऊक? भाऊंनी समजावलं, "आतापर्यंत तुमी अमरावतीच्या घरमालकाकडे भाड्यानं होता. आता मालक अकोल्याचा. खोली तीच, भांडेकुंडे तेच, पन कुलूप नव्या मालकाचं. कॉम्प्युटर तुमाले नावानं वळखत नाई, आतल्या नंबरानं वळखते. नंबर बदलला का म्हनते, हे कोन बाई? अन् देते कोरी खोली उघडून. म्हनून मी तुमचं बिऱ्हाड हलवाले आलो." त्यांचं खरं नाव कंत्राटाच्या कागदावर असेल. आमच्यासाठी ते त्या घटकेपासून बिऱ्हाडभाऊ झाले.

पन्नाशी ओलांडलेले, उंच, खिशाला दोन पेनं, राहायला अकोल्याच्या जठारपेठेत. कुणाच्याही खुर्चीवर ते बसायचे नाहीत. स्टूल ओढून घ्यायचे आणि मालकिणीला खुर्चीत बसवायचे. "घरधनीन समोर पायजे. मांगून म्हनाल, माहा तवा गेला." आमच्या इथल्या उकाड्याबद्दल कुणी कुरकुरलं, की त्यांना आतून आनंद व्हायचा. "हे ऊन हाय काय? आमच्या अकोल्यात या मे महिन्यात!" जसं काही ऊन त्यांनी स्वतः पाडलं होतं.

हलवण्याआधी ते प्रत्येकीच्या पडद्याचा नकाशा वहीत काढायचे. कोणतं चित्र कुठं, कोणती फाइल कोणत्या कोपऱ्यात. आम्ही हसलो. मग परीक्षा विभागातल्या वंदनाताईंचं बिऱ्हाड हललं आणि त्या किंचाळल्याच. त्यांच्या पडद्यावर नातवाचा फोटो असायचा. हलवाहलवीत सगळ्या फाइली आपल्या मनाने रांगेत येऊन उभ्या राहिल्या आणि मार्कांची यादी नेमकी पोराच्या नाकावर बसली. दुसरा एखादा म्हणाला असता, घ्या सरकवून. भाऊंनी वही उघडली आणि एकेक फाइल उचलून जागच्या जागी नेली. शेवटी पोराचं नाक मोकळं झालं, तेव्हा मान तिरकी करून पाहिलं आणि म्हणाले, "मानसाले नवीन काई नाई लागत. जुनंच लागते, फक्त चालू पायजे."

आता माझं पाप सांगते. माझे बाबा वलगावचे, जन्मभर एसटीत ड्रायव्हर. चिखलदऱ्याचा घाट ते इतक्या वेळा चढले-उतरले, की वळणांना त्यांनी माणसांची नावं ठेवली होती. निवृत्तीनंतर त्या आठवणी ते रोज मला सांगायचे आणि मी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात टाइप करायची. घरी कॉम्प्युटर नाही. पेनड्राइव्ह लावायला बंदी. आमचे अधीक्षक साहेब दर शनिवारी कुणाच्याही कॉम्प्युटरवर बसून खासगी काम शोधायचे. मग मी डोकं लढवलं. सुट्टी संपली की फाइल कचऱ्यात टाकायची, दुसऱ्या दिवशी कचऱ्यातून काढायची. कचऱ्यात कोण बघतं? आमची आजी नाही का, सोन्याची पोत तुरीच्या डाळीत ठेवायची? चार वर्षं हे बिनबोभाट चाललं. मोठी शहाणी समजत होते मी स्वतःला!

त्यात बाबांचं विसरणं सुरू झालं होतं. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. एखादी गोष्ट पुन्हा विचारली, तर अर्धी सांगून माझ्याकडेच पाहायचे, पुढचं मी सांगेन म्हणून. त्यांचं सगळं आयुष्य आता फक्त त्या एका फाइलीत उरलं होतं, आणि ती कचऱ्यात पडली होती.

माझं बिऱ्हाड हललं. सगळं जागच्या जागी, नकाशाबरहुकूम. सुट्टीत मी हळूच कचऱ्याचा डबा उघडला. लख्ख! घासूनपुसून पालथा घातलेल्या पातेल्यासारखा. "भाऊ," एवढंच तोंडातून निघालं आणि मी भर ऑफिसात रडायला लागले.

भाऊ धावत आले. मी पुटपुटत सगळं सांगितलं. ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "अवं बाप्पा! म्या सगळ्यात पयले काय इचारलं होतं? कचरा ज्याचा-त्याचा असते, ताई. तो जुन्याच नंबराच्या नावानं राह्यला. सामानासंगं नाई येत तो."

"तुम्ही झाडून टाकला का?"

"मी? घरातून मानूस निघाला का मांगं लगेच झाडू मारते काय कोनी? तीन दिवस हात लावत नाई मी जुन्या घराले." मी त्या झाडूच्या रिवाजाला आयुष्यभर नावं ठेवली होती. त्या दिवशी कान धरले.

भाऊंनी कुठली तरी लपलेली खोली उघडली. आत दीडेकशे फाइली, सगळ्यांची नावं गेलेली, नुसती इंग्रजी अक्षरांची गिचमीड. ते एकेक उघडून पाहू लागले. रजेचे अर्ज, वेळापत्रकं, वंदनाताईंनी मला पाठवलेली रव्याच्या लाडवांची कृती. आणि मग एका फाइलीशी ते अडकले, पुढची उघडेचनात.

"काय झालं, भाऊ?"

"थांबा वं. नवरदेव गाडी ढकलून राहिला."

सापडली होती! आणि भाऊ ती वाचत बसले होते. नेमके तेव्हाच अधीक्षक साहेब मागे येऊन उभे राहिले. "काय आहे हे?" मी भाऊंना डोळ्यांनी खुणावलं, हातानं खुणावलं. पण त्या माणसाला खोटं बोलणं शिकवलंच नव्हतं कुणी. "यायच्या बाबाच्या आठवनी हायेत, साहेब. कचऱ्यात ठिवल्या होत्या."

"ऑफिसच्या कॉम्प्युटरवर?"

"जेवाच्या सुट्टीत कोनी झोपते, कोनी खर्रा खाते. हे बाई बापाले लिहून राहिली. आयका तुमीच." आणि त्यांनी मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. घाटात बस बंद पडलेली, आत लग्नाचं अख्खं वऱ्हाड. ड्रायव्हर सगळ्यांना उतरवून ढकलायला लावतो. नवरदेव म्हणतो, मी कसा ढकलू, मी नवरदेव! ड्रायव्हर म्हणतो, "गाडीले नाई समजत नवरदेव कोन हाय ते." सगळं ऑफिस हसलं. साहेब हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला रीतसर खुलासा मागणारं पत्र आलं. ते माझ्या हातात देताना साहेबांनी आवाज खाली आणून विचारलं, "तो नवरदेव पोचला का वेळेवर?"

फाइल सापडली त्याच संध्याकाळी, सगळे गेल्यावर, भाऊंनी तिची छापील प्रत माझ्यासमोर ठेवली होती. माझे आभार त्यांनी ऐकूनच घेतले नाहीत. "बापाले कचऱ्यात ठिवलं तुमी," एवढंच म्हणाले. चार वर्षांत इतकं कुणी लागेल असं मला बोललं नव्हतं, आणि बरोबर बोललं होतं.

वर्षभरात त्यांचं कंत्राट गेलं. आता कुणी तरी दुरूनच कॉम्प्युटर हलवतं, कुणी कचरा विचारत नाही. भाऊ मुलीकडे हैदराबादला राहायला निघाले, तेव्हा वाट वाकडी करून आमच्या घरी आले. बाबा ओट्यावर बसले होते. भाऊंनी ती छापील प्रत मागून घेतली आणि बाबांना घाटातली गोष्ट वाचून दाखवली. बाबा मांडीवर थाप मारून हसले.

"लय फटकळ होता गा हा ड्रायव्हर!"

"वळखता काय त्याले, काका?"

बाबांनी त्या कागदाकडे वाकून पाहिलं. "पाह्यल्यासारखा वाटते. पन मानूस चांगला दिसते. मले भेटवून द्या एकदा त्याले."

मी तोंडात पदर कोंबला. कचऱ्यातून दीडशे फाइली उपसणाऱ्या त्या माणसाचा चष्मा ओला झाला होता. त्यांनी बाबांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच असेल, खोटं बोलले.

"त्यानंच धाडलं मले, काका. म्हने, वलगावच्या साहेबाले माहा जय भीम सांगजा."

बाबांनी कॉलर नीट केली आणि ताठ बसून म्हणाले, "त्यालेबी सांगा माहा."